'स्वाधीन' : कुणाच्या?

गेल्या रविवारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही सहा जण चहाला बसलो होतो. नात्यात एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने तो राजीखुशीने पाळायचा, ही मांडणी मनापासून हवी असलेले आम्ही सगळे. त्यातलं एक जोडपं तर दिवसरात्र तसंच राहतं. पगार कुठे ठेवायचा, फोन किती वाजता बाजूला ठेवायचा, हे ती ठरवते, तो पाळतो. बोलता बोलता तो म्हणाला, "बायकोशी मराठी, आजीशी तेलुगू. पण आमच्या नात्याबद्दल बोलायचं झालं की तोंडात इंग्रजी येतं. मी तिचा कोण, हे मला मराठीत सांगता येत नाही."

तेव्हापासून मी शब्द शोधतेय. गुलाम, दास, बटीक हे शब्द विकल्या गेलेल्या माणसांचे आहेत, ते मला उचलवत नाहीत. मालक म्हटलं की आपल्या गावात आधी यंत्रमागाचा शेठ आठवतो. 'आमचं धनी' अजून खेड्यात ऐकू येतं, पण ते बाईने पुरुषाला म्हणायचं. इथे तर हुकूम तिचा चालतो. तुम्हाला काय सुचतं?

प्रतिसाद
ताई, 'सालगडी' कसा वाटतो? पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बोली, अटी आधी ठरलेल्या, पुढच्या पाडव्याला पुन्हा नव्याने बोलायचं. तुमच्या लोकांतही काही जण दर वर्षी अटी ताज्या करतात ना?

धागालेखिका
करतात, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. पण सालगडी नको. माझे आजोबा मोहोळ तालुक्यात सालगडी होते. बोलीच्या आधी उचल असायची, उचल फिटायची नाही, म्हणून पुढचं साल. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला, तो असल्याच कर्जाच्या बेडीमुळे. भुकेपोटी निघालेल्या होकाराला मी संमती म्हणणार नाही. आमच्यात पहिली अट हीच असते की उठून जाता आलं पाहिजे, आज आणि आत्ता.

प्रतिसाद
'शरण' कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, तो नको. आमचं घर कन्नड बोलणारं. शरण हा आमच्याकडे बसवण्णांच्या, सिद्धरामांच्या वाटेवरच्या माणसाचा शब्द. भेटल्यावर 'शरणु शरणार्थी' म्हणतात, त्यात दोघंही वाकतात. मराठीत मात्र शरण येतो तो हरलेला. दोन्हीकडून तुमच्या कामाचा नाही.

धागालेखिका
पटलं, दादा. हरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावरूनच मी 'स्वाधीन'पाशी पोचले.

हा शब्द बघा. स्व अधिक अधीन, म्हणजे स्वतःच्या अधीन असलेला, मोकळा. हिंदी-बंगालीत तो याच अर्थाने रुळला, बांगलादेशाचा २६ मार्चचा स्वाधीनता दिवस त्यातलाच. मराठीत आपण मात्र तिजोरीच्या किल्ल्या सुनेच्या स्वाधीन करतो, चोर पोलिसांच्या स्वाधीन करतो. एकाच शब्दात आपलेपण आणि सोपवणं दोन्ही. जो आधी स्वतःच्या हातात आहे तोच स्वतःला दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो, हे आमच्या नात्यांचं सगळं सार या शब्दाने मला एका दमात सांगितलं. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांत एक स्वाधीनभर्तृका आहे, जिचा नवरा तिच्या मुठीत असतो. जुन्या लघुचित्रांत तो तिच्या पायाला अळता लावताना दिसतो. म्हणजे 'मी तिचा कोण' हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे.

व्याकरणही जपतं. 'तिने मला ताब्यात घेतलं' यात कर्ता ती. 'मी स्वतःला तिच्या स्वाधीन केलं' यात कर्ता मी. मी दस्त लिहायचं काम करते, त्यामुळे ताबा आणि मालकी रोज वेगळी लिहावी लागते. भाडेकरारात ताबा देतात, मालकी देत नाहीत, आणि मुदत नेहमी असते.

खरेदीखतात आम्ही लिहितो, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले.' न्यू यॉर्कमध्ये १९८३ साली आमच्यासारखी नाती जपणाऱ्या मंडळींनी सुरक्षित, शहाणपणाचं आणि संमतीचं अशी तिहेरी कसोटी घातली. त्यातले दोन शब्द आपल्या दस्तांत होतेच. सुरक्षिततेचा मात्र जोडून घ्यावा लागतो.

एकाने मला आपल्या अशा नात्याचा करारच स्टँप पेपरवर करून मागितला होता. मी नाही म्हटलं. असा कागद कोर्टात टिकत नाही, आणि टिकला असता तर जास्त वाईट झालं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ प्रमाणे भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे. कागदावरच्या सहीने उद्याचा नकार बांधून ठेवता येत नाही.

प्रतिसाद
मग 'थांब' म्हटलं की थांबायचं, एवढं पुरत नाही का? तुमच्यात थांबवायला खुणेचा वेगळा शब्द ठरवतात म्हणे, तो कशाला?

धागालेखिका
कारण या हुकुमाच्या खेळात 'नको, थांब' लटकंही म्हटलं जातं. म्हणून संदर्भाबाहेरचा शब्द ठरवतात, जो चुकूनही तोंडात येणार नाही. आमच्याकडे एका जोडप्याचा शब्द 'कडक भाकरी' आहे. तो उच्चारला की सगळं तिथेच थांबतं, मग पाणी, पांघरूण, जवळ बसणं. या शेवटच्या भागाला आम्ही 'सावरणं' म्हणतो, आणि हा शब्द कुणी शोधून काढला नाही, आपोआप आला.

चहाच्या अशा बैठकीला बाहेर इंग्रजीत 'मंच' (munch) म्हणतात, कॅलिफोर्नियातला शब्द आहे. सोलापुरात म्हटलं तर लोक विचारतील, अध्यक्ष कोण? आम्ही 'चहा'च म्हणतो. तिथे साध्या कपड्यांत यायचं, कुणाचं आडनाव विचारायचं नाही, भेटलेल्याला रस्त्यात ओळख दाखवायची नाही. गाव लहान आहे, नोकरी आणि सोयरीक दोन्ही इथेच.

तिच्यासाठी शब्द अजून अडलाय. 'धनीण' कोशात आहे. कुणाच्या घरात अजून बोलतात का?

प्रतिसाद
बोलतात. बार्शीच्या बाजारात आमची आजी म्हशीच्या धनिणीशी भाव करायची. 'धनीण कोन हाय?' असं विचारलं की म्हशीमागची बाई पदर खोचून पुढे यायची.