फी वाढीवर मतदान आहे पण फी भरणार पुढची बॅच, मी मत द्यावं का?

शेवटचं_क्वार्टर:
कॅलिफोर्नियात यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एका कॅम्पसवर शिकतेय, जूनमध्ये डिग्री मिळेल. पुढच्या आठवड्यात स्टुडंट फी रेफरेंडम आहे, नवीन जिमच्या बिल्डिंगसाठी. फी सुरू होणार बिल्डिंग उघडल्यावर, म्हणजे मी तोवर इथे नसणारच. पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की आत्ताच्या विद्यार्थ्यांना काहीच भरावं लागणार नाही आणि मला नेमकं तेच खटकतंय, जे भरणार ती मुलं आत्ता शाळेत आहेत, त्यांना कोण विचारतंय? रूममेट म्हणते ट्यूशन वाढवताना आपल्याला कोणी विचारत नाही, निदान इथे मत मिळतंय तर सोडू नकोस. काय करू?

माजी_सिनेटर:
रूममेटचं म्हणणं बरोबर आहे. ट्यूशन ठरवतात रीजंट्स, म्हणजे यूसी चालवणारं बोर्ड, त्या बोर्डावर मत असलेले २६ जण आणि त्यात विद्यार्थी फक्त १. कॅम्पस फीचं तसं नाही, ती लावायला विद्यार्थ्यांचा कौल घ्यावा लागतो, शेवटची मंजुरी वरून येते ते वेगळं.
पण मत न देणं म्हणजे "नाही" असं समजू नकोस आणि उलटही समजू नकोस. यूसीच्या नियमात निदान २० टक्के मतदान लागतं, तेवढं झालं नाही तर कौल ग्राह्य धरत नाहीत. तुझं "नाही" पण त्या २० टक्क्यांत मोजलं जातं. म्हणजे १०० पैकी २० जणांनी मत दिलं आणि ११ हो म्हणाले तरी १०० जणांवर फी बसते. मी स्टुडंट गव्हर्नमेंटमध्ये असताना याच गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटायची, कारण प्रचार करणारे बहुतेक ती सोय रोज वापरणारे असतात, आणि ज्याला दोन नोकऱ्या करून शिकायचंय त्याला मतदान कधी आहे हेही माहीत नसतं.
एक गोष्ट चांगली, नव्या फीमधला साधारण पाव हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी बाजूला काढतात.

सायकलवाली:
मी जर्मनीत सरकारी विद्यापीठात आहे. इथे बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर तिकिटावर सगळ्या विद्यार्थ्यांचं मतदान होतं. पास झालं की बस-ट्रेनचा पास सगळ्यांना आणि पैसेही सगळ्यांनीच भरायचे, मी सायकलने जाते तरी भरते. मला ते पटतं, सगळे भरतात म्हणून तर इतकं स्वस्त पडतं. फक्त वाहतूक कंपनीने दर वाढवले की परत मतदान घेता येतं, आणि विद्यार्थी नाही म्हणाले तर तिकीट बंद होऊ शकतं. तुमच्या बिल्डिंगचं तसं करता येईल का?

माजी_सिनेटर:
नाही ना, खरी अडचण तीच आहे. बिल्डिंग बाँड (कर्जरोखे) काढून बांधतात, कर्ज बहुतेकदा २५-३० वर्षांचं, आणि ते फिटेपर्यंत फी काढता येत नाही. बससेवा किंवा समुपदेशनाची फी असेल तर मुदत घालून परत कौल घेता येतो, भिंती उभ्या राहिल्यावर काय करणार?

कलम_वाचक:
एक भर घालतो. २००० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या साउथवर्थ खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सक्तीची फी घेऊन विद्यार्थी संघटनांना पैसे देता येतात पण विचार बघून भेदभाव करायचा नाही. तिथे एक पद्धत अशी होती की रेफरेंडम घेऊन एखाद्या संघटनेला पैसे द्यायचे किंवा बंद करायचे, कोर्टाला त्यावरच शंका आली, कारण बहुमताच्या जोरावर अल्पमतवाल्यांचा हक्क काढता येत नाही. जिमला ते थेट लागू नाही, पण बहुमत झालं म्हणजे सगळं न्याय्य झालं असं मी तरी धरत नाही.

शेवटचं_क्वार्टर:
थँक्यू सगळ्यांना. पूर्ण मसुदा काढून वाचला, फी ३० वर्षं आणि मध्ये कुठेच फेरविचार नाही. मी "नाही" देणार आहे, आणि शुक्रवारी विद्यार्थी सिनेटची मीटिंग आहे तिथे बोलायला नाव दिलंय, बिल्डिंगऐवजी जुन्या जिमची दुरुस्ती आणि मुदतीची फी असा प्रस्ताव का नाही हे विचारायचंय. माजी_सिनेटर, दुरुस्तीचा अंदाजे खर्च कुठल्या ऑफिसकडे मागायचा ते सांगाल का?