परदेशी पदवीला समकक्षता मिळते; आपल्या बी.एस्सी.ला परदेशात कोण विचारतो?

पऱ्हाटी (चर्चेचा मूळ धागा)

माझी भाची तालुक्याच्या महाविद्यालयातून तीन वर्षांची बी.एस्सी. झाली आणि जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करण्याच्या खटपटीला लागली. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यार्थी व्हिसासाठी आधी दिल्लीच्या एपीएस केंद्राकडून कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. तिथपर्यंत पोहोचण्याआधीच आमचे गाडे अडले, कारण तिच्या आईचे नाव पहिल्या सत्राच्या गुणपत्रिकेवर एका ‘ए’ने आणि पाचव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दोन ‘ए’ने छापले आहे. दुरुस्तीसाठी महाविद्यालयाने विद्यापीठाकडे पाठवले, विद्यापीठाने महाविद्यालयाचे पत्र मागितले, आणि पहाटेची एसटी धरून आम्ही तीनदा हेलपाटे घातले.

यावरून मांडायचा मुद्दा असा. युनेस्कोने 2019 मध्ये उच्च शिक्षणाच्या पात्रतांना मान्यता देण्याविषयीचा जागतिक करार स्वीकारला आणि तो 5 मार्च 2023 पासून अमलात आला. दुसऱ्या देशाच्या पदवीत सारभूत तफावत, म्हणजे शिक्षणाच्या गाभ्यातलाच मोठा फरक, आहे हे दाखवता येत नसेल तर ती मान्य करावी, आणि ती तफावत दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर नसून नाकारणाऱ्यावर असावी, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. आपण या तत्त्वाला दोन्ही बाजूंनी पूर्णपणे बांधून घ्यावे, असे माझे मत आहे. त्याचा खरा लाभ मुंबई-पुण्याच्या नामांकित संस्थांना नव्हे, तर ज्यांचे नाव परदेशात कोणी ऐकलेले नाही अशा आपल्या महाविद्यालयांना होईल.

तासिकावाला

मी या मताच्या विरोधात आहे. मी एम.एस्सी., सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) असून सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. मार्च सरला की माझे उत्पन्न थांबते आणि जुलैत पुन्हा मुलाखत द्यावी लागते. दुसरीकडे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार जागतिक क्रमवारीतील पहिल्या 500 विद्यापीठांपैकी कुठलीही पीएच.डी. असली की नेट (तशीच राष्ट्रीय परीक्षा) किंवा सेट न होताही सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरता येते. जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात परस्पर मान्यतेचा करार झाला आणि तिथली एका वर्षाची मास्टर्स पदवी आपल्या दोन वर्षांच्या पदवीच्या बरोबरीने धरली जाऊ लागली. ज्याच्या घरी चाळीस लाखांचे कर्ज काढण्याची ऐपत आहे त्याचे एक वर्ष वाचते आणि ज्याच्या घरी चार एकर कोरडवाहू आहे तो दोन वर्षे घासतो. याला परस्परता म्हणायचे असेल तर शब्दांचे अर्थ तरी बदलावेत.

वर्धाकाठ

तासिकावाले सर, आपण अर्धेच सांगितले. नियमानुसार केलेली भारतीय पीएच.डी. असली तरीही नेट-सेटमधून सूट आहेच. फरक एवढाच की इथल्या पीएच.डी.ला पूर्वअभ्यासक्रम, बाहेरचे परीक्षक आणि मौखिक परीक्षा अशा अटी पूर्ण केल्याचे सिद्ध करावे लागते आणि तिथल्या पीएच.डी.ला केवळ क्रमवारी पुरते. भरतीच बंद असण्याचा राग मात्र परदेशी पदवीवर काढू नये. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, त्या कोणी ऑक्सफर्डवाल्याने अडवलेल्या नाहीत.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुख पापळसारख्या खेड्यातून 1920 च्या सुमारास विलायतेला शिकायला गेले आणि परतल्यावर अमरावतीत त्यांनी शिक्षणसंस्था उभी केली, हेही आठवावे.

तासिकावाला

पीएच.डी.ची चूक मान्य करतो. भाऊसाहेबांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे, कारण ते परत आले. आमच्या गावातून गेलेले तिघे पोळ्यालासुद्धा फिरकत नाहीत.

झाडीपट्टी

मी अठ्ठावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, म्हणून थोडे अप्रिय लिहितो. आपण सर्वजण मान्यतेविषयी बोलत आहात. तफावत खरोखर आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार आपल्याकडे वर्षाला 40 श्रेयांक (क्रेडिट) आणि प्रत्येक श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 1200 तासांचे अध्ययन धरले जाते. युरोपच्या पद्धतीत वर्षाचे 60 श्रेयांक असतात आणि प्रत्येकाला 25 ते 30 तास, म्हणजे 1500 ते 1800 तास. कागदावरचे हे अंतर गुणोत्तर लावून भरून काढता येते. आमच्या प्रयोगशाळेत एका ब्युरेटभोवती बारा विद्यार्थी उभे असत. दोघे टायट्रेशन करत आणि उरलेले दहा जण वहीत त्यांचेच वाचन उतरवून घेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्वांची प्रयोगवही ‘पूर्ण’ होई आणि तिच्यावर सही माझीच असे. हे ‘सारभूत’ मानायचे की नाही?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात आणि तीन वर्षांची पदवी तिथे एक वर्षाने उणी पडते, हे खरे आहे. नव्या शैक्षणिक धोरणातील चौथ्या वर्षाने ते वर्ष भरून निघेल. मात्र ते शिकवायला माणसे नसतील तर ब्युरेटभोवतीचे बारा जण आणखी एक वर्ष तिथेच उभे राहतील.

सिस्टरताई

आपल्या चर्चेत एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. ब्रिटनशी झालेल्या त्या करारात वैद्यक, परिचर्या, विधी यांसारख्या व्यावसायिक पदव्या येतच नाहीत. भारतातही आयोगाने 2025 मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम केले, त्यांतूनही वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी आणि वास्तुकला वगळल्या आहेत. ते अधिकार त्या त्या परिषदांकडे आहेत. आणि आपल्या भागातून खरोखर बाहेर जाणाऱ्यांत नर्सिंग केलेल्या मुली किती आहेत, हे आजूबाजूला पाहिले तरी कळेल.

मी स्वतः परिचारिका आहे आणि माझी धाकटी बहीण सध्या जर्मनीत आहे. तिच्या पदविकेची तपासणी झाल्यावर तिला सरसकट नकार आला नाही. तिच्या शिक्षणात कोणत्या विषयांचे आणि कोणत्या विभागांतील प्रात्यक्षिकाचे तास कमी पडतात, हे नोंदवणारे पत्र आले. तेवढे भरून काढण्यासाठी रुग्णालयातील समायोजन प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा, यांपैकी एक निवडायचे होते. जर्मन भाषेची बी-टू पातळी वेगळी गाठावी लागली आणि ती तिने रात्रपाळी करत गाठली. झाडीपट्टी सरांचा आक्षेप मला पटतो, तरी त्यावरचा उपाय असाच असायला हवा. उणीव असेल तर ती मोजून सांगावी आणि भरून काढण्याची वाट दाखवावी. ‘तुमचे विद्यापीठ आमच्या यादीत नाही’ या एका ओळीवर माणसाची पाच वर्षे निकालात काढू नयेत.

झाडीपट्टी

ताई, हे पत्र वाचायला मिळाले तर मी आमच्या प्राचार्यांना नेऊन दाखवीन. आमच्या प्रयोगशाळेविषयी इतके नेमके आम्हांला आजवर कोणी लिहून दिलेले नाही.

वर्धाकाठ

आणि विद्यार्थ्याने तिथली पदवी घेऊन परत यायचे म्हटले तर काय? 2025 च्या त्याच नियमांत फ्रँचायझी पद्धतीने, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्याच संस्थेतून, घेतलेली पदवी चालणार नाही, असे आहे. आकर्षक जाहिराती पाहून पैसे भरणाऱ्यांनी हे आधी वाचावे. वैद्यकीय शिक्षणाची गोष्ट तर आणखी कठीण आहे; परदेशातला अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा नसेल आणि इंग्रजी माध्यमातून नसेल तर इथे नोंदणीच होत नाही. शेत गहाण ठेवून गेलेल्या मुलांना हे बहुधा चौथ्या वर्षी कळते.

पऱ्हाटी

तासिकावाले सरांचा मुद्दा मी हलका मानत नाही, परंतु तो भरतीचा प्रश्न आहे आणि मान्यता रोखून तो सुटणार नाही. सिस्टरताईंच्या प्रतिसादानंतर माझ्या मूळ मतात एक भर घालतो. परदेशी पदवीच्या समकक्षतेचा निर्णय किती कामकाजी दिवसांत द्यावा, याची मुदत आयोगाने स्वतःवर घालून घेतली आहे. तशीच मुदत आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा विभागांवर ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) असली पाहिजे, नाहीतर बाहेरचा माणूस आपल्या फाटकातून आत येईल आणि आपली मुलगी त्याच फाटकाच्या आत शिक्क्याची वाट पाहत बसेल.

तूर्त प्रतिज्ञापत्र झाले आहे आणि नावाची दुरुस्ती मार्गी लागली आहे. आता तिथल्या एका विद्यापीठाने सहाही सत्रांचा सविस्तर अभ्यासक्रम शिक्क्यासह मागितला आहे. महाविद्यालयात पाच सत्रांचा मिळाला. 2021-22 च्या तिसऱ्या सत्राच्या भौतिकशास्त्राची प्रत ना ग्रंथालयात आहे, ना संकेतस्थळावर. कोणा जुन्या प्राध्यापकांकडे असल्यास कृपया कळवावे, मी स्वतः येऊन झेरॉक्स करून घेईन.