नीरेच्या पात्रातला हा दगड सुइसेकी, म्हणजे डोंगरासारखं निसर्गदृश्य भासवणारा, जपानी पद्धतीने मांडायचा दगड, ठरेल का?

नीराकाठ:
भोरच्या वरच्या अंगाला नीरेत मिळालेला काळा बसाल्ट. लांबी 22 सेंमी, खोली 11, उंची 9, वजन 3.2 किलो. माथा सपाट, पुढे दोन पायऱ्या, उजवीकडे निमुळती सोंड. राजगडाची संजीवनी माची आठवावी असा. समोर मोहरीएवढे पांढरे ठिपके आहेत, डाव्या टोकाला 4 सेंमीचा टवका उडालाय, आणि बूड ओबडधोबड असल्याने डुगडुगतो. बूड कापून घ्यावं का? ठिपके ऍसिडने जातील का? मुळात हा सुइसेकीत बसतो का?

कातळखूण:
कापायची घाई करू नका. दगड डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, ओला करा आणि चार-पाच फुटांवरून बघा. हातातला दगड आपण वरून बघतो, तिथेच फसगत होते. मांडलेला दगड समोरून दिसतो.

तोयामा-इशी, म्हणजे दूरचा डोंगर, हा नव्हे. शिखरच नाही. पायऱ्यांमुळे दान्सेकीत, म्हणजे पायऱ्यांच्या दगडांत, बसू शकेल. आपल्या बसाल्टला हा आकार साजतोही. दख्खनच्या बसाल्टच्या 'डेक्कन ट्रॅप' या नावातला ट्रॅप हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. फक्त पायऱ्यांचे माथे आडवे हवेत आणि रुंदी कमीजास्त हवी. सारख्या मापाच्या असतील तर डोंगर न दिसता नुसता जिना दिसतो.

आता कस बघा. बुडाकडे लोखंडी खिळा जोरात ओढा. खिळ्याचीच करडी रेघ उमटली तर दगड कठीण. दगडावर चरा पडून भुकटी निघाली तर तो मुरमाच्या वाटेला लागलाय. मग भिजवून सावलीत ठेवा. ओल सावकाश उतरली तर उत्तम. छिद्राळ दगड बघता बघता खडखडीत होतो.

ऍसिड अजिबात नको. ठिपके बहुधा झिओलाइट किंवा कॅल्साइट या खनिजांचे असावेत. कॅल्साइट आणि बरेचसे झिओलाइट ऍसिडमध्ये विरघळतात, मागे देवीच्या वणांसारखे खड्डे राहतात. शिवाय नदीने वर्षानुवर्षं चढवलेली तपकिरी कांती धुऊन जाते ती वेगळीच. नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरे. तारेचा ब्रशही नको. दगड कठीण असला तर तारच झिजते आणि चकचकीत रेघा सोडते.

रंधापटाशी:
बूड वाकडं असतं म्हणूनच तर दाइझा, म्हणजे दगडाच्या बुडाच्या मापाची लाकडी बैठक, कोरायचा. चांगलं सुकलेलं सागवान घ्या, तुमच्या दगडाला 35 ते 40 मिमी जाडी लागेल. दगड हव्या त्या कोनात चिखलमातीवर टेकवून पेन्सिल उभी धरून कडेने आखा. रेषेच्या आत पटाशीने थोडं थोडं उतरवा. बुडाला खडू फासून दगड बसवा, उचला, लाकडावर जिथे पांढरं उठेल तेवढंच कोरा. हे तीस-चाळीस वेळा करावं लागतं. एका दमात खोल गेलात की दगड खाली बसतो आणि पहिली पायरीच लाकडात बुडते. कडेला अर्धा मिमी सैल ठेवा, पावसाळ्यात लाकूड फुगतं. पाय जिथे वजन उतरतं तिथेच द्या.

जपानमध्येही बूड कापलेले दगड मांडतात, पण कापलेलं लपवायचं नसतं.

पाषाणभेद:
टवक्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ताजी तूट राखी आणि धारदार दिसते. 22 सेंमीत 4 सेंमी म्हणजे नजर तिथेच अडकणार. घासून गुळगुळीत केलीत तर आणखी उठून दिसेल. माझ्या मते आज तो प्रदर्शनात मांडण्याजोगा नाही, पण टाकून देण्याजोगाही नाही. योसेकी करा, म्हणजे दगड उन्हापाण्यात मुरवा: गच्चीत लाकडी पट्ट्यांवर ठेवा, ऊन लागू द्या, रोज पाणी घाला, अधूनमधून बाजू बदला. तुटीचा रंग बसायला वर्षं जातील. तेल लावू नका. देव्हाऱ्यातल्या पाषाणाला लावतात ते वेगळं. इथे धूळ चिकटते आणि कांती धरत नाही.

जपानी नसल्याचा संकोच नको. क्योतोचा कामोगावा-इशी तिथल्या नदीच्या नावानेच ओळखला जातो.

नीराकाठ:
खिळ्याची रेघ उमटली, चरा नाही. दगड फिरवून पाहिला. टवका मागे जातो, पण पायऱ्याही मागे जातात. थोडा तिरका धरला, डावं टोक अंदाजे 20 अंश मागे, तर दोन्ही पायऱ्या दिसतात आणि तुटीची फक्त कड दिसते.

रंधापटाशी:
मग तीच समोरची बाजू. दाइझा आत्ताच कोरू नका. सुइबान, म्हणजे दगड मांडायचं उथळ तबक, नसेल तर उथळ परातीत चाळलेली बारीक वाळू घाला, दगड मध्यापासून थोडा डावीकडे ठेवा, म्हणजे सोंडेपुढे जागा मोकळी राहील. कोन पक्का ठरला की लाकूड आणा.