एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी करायला काय घ्यावं: इसबगोल, जवस की कॅप्सूल?

मृद्गंध:
सासूबाईंचं वय ५८. एलडीएल १५२, ट्रायग्लिसराइड १४०, साखर नॉर्मल, बीपी नाही. थायरॉईडची गोळी रोज सकाळी चालू आहे. डॉक्टरांनी लगेच औषध न देता तीन महिने आहार सांभाळून पुन्हा तपासायला सांगितलंय. नातेवाइकांनी जवस तेलाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणि ओट्सची बिस्किटं आणून दिली आहेत. यातलं खरंच उपयोगी काय? किती आणि केव्हा द्यायचं? त्या शाकाहारी आहेत, भाकरी सोडणार नाहीत.

पथ्यपाणी:
आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉईड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेही वाढतं, आणि मग आहारात कितीही बदल केला तरी आकडा हवा तसा उतरत नाही.

तुम्ही सांगितलेल्या यादीत नाही, पण सगळ्यात भरवशाचं आहे ते इसबगोल. भुशी पाण्यात फुगून आतड्यात जेलीसारखी होते आणि पित्तातली आम्लं धरून शौचावाटे बाहेर नेते. नवीन पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. यासाठी दिवसाला साधारण १० ग्रॅम भुशी लागते. बद्धकोष्ठासाठी रात्री अधूनमधून एक चमचा घेतात, तेवढ्याने हे काम होत नाही.

भुशी फार हलकी असते, त्यामुळे चमच्याच्या मापाने अंदाज चुकतो. एकदा वजनकाट्यावर ५ ग्रॅम मोजा आणि तेवढं मावेल असं एक माप ठरवून ठेवा. पहिला आठवडा फक्त रात्रीच्या जेवणाआधी ३ ग्रॅम, मग हळूहळू दोन्ही जेवणांआधी ५-५ ग्रॅम. एकदम पूर्ण मात्रा दिली की पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी बंद करतो. प्रत्येक वेळी २५० मिली पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, घट्ट होईपर्यंत ठेवायचं नाही. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं अजिबात नको. ती घशात फुगून अडकते. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं अरुंद झालेलं असेल तर इसबगोल देऊच नये. सुवासिक पुड्यांमध्ये बरीच साखर असते, साधी भुशीच आणा.

थायरॉईडची गोळी आणि भुशी यांत किमान चार तास जाऊ द्या, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून सकाळी भुशी नको.

जवसवाली:
जवसाबद्दल. तेलाच्या कॅप्सूलचा एलडीएलवर फारसा परिणाम होत नाही, कारण जवसातला चोथा तेलात येतच नाही. ओमेगा-३ (जवसातली उपयोगी चरबी) म्हणून बघितलं तरी ५०० मिलीग्रॅमच्या पाच-सहा कॅप्सूल मिळून एक मोठा चमचा जवसाच्या पुडीची बरोबरी होते. अख्खं जवस मात्र तसंच बाहेर पडतं, दळलंच पाहिजे.

१०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करा, मग मिक्सर थांबत थांबत फिरवा. गरम असताना किंवा सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आठ-दहा दिवसांपुरतंच करा. चव कडवट झाली किंवा ऑइलपेंटसारखा वास आला तर सरळ टाकून द्या. चटणी करायची तर लसूण कोरडा भाजून घाला. ओल्या लसणाने चटणी लवकर खराब होते. रोज दोन मोठे चमचे पुडी भाकरीच्या पिठात किंवा ताकात चालते. सोबत पाणी भरपूर हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मृद्गंध:
धन्यवाद! टीएसएच उद्याच करून घेते. ओट्स आणि हळदीचं काय?

लेबलवाचक:
ओट्समधला उपयोगी भाग म्हणजे बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा चोथा), तो दिवसाला ३ ग्रॅम लागतो. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम साधे ओट्स खावे लागतात. बिस्किटाच्या पाकिटावर ओट्सची टक्केवारी वाचा, मग मैदा, साखर आणि पामतेल वाचा. ती बिस्किटं बंदच करा. भाकरी सोडायची नसेल तर ज्वारीच्या पिठात जवाचं पीठ मिसळा, जवातही बीटा-ग्लुकन असतं. सातू म्हणजे जवच, पण बाजारातलं तयार सातूचं पीठ बहुतेकदा गहू आणि डाळव्यांचं असतं, तेव्हा जव विकत घेऊन दळून आणणं बरं.

हळद स्वयंपाकात चालू द्या, अर्काच्या गोळ्या नकोत. हळदीत कर्क्युमिन हा मुख्य घटक साधारण ३ टक्के, गोळीत ते कितीतरी पट आणि बरोबर बहुधा पिपरीन, म्हणजे मिऱ्यातला घटक. त्यामुळे कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, पण काही औषधांचं शरीरातलं प्रमाणही बदलू शकतं. अशा गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

कुठल्याही डबीवर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची मिलीग्रॅममधली मात्रा आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना बघा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचं खास मिश्रण) लिहून मात्रा लपवलेली असेल तर घेऊ नका. 'कोलेस्टेरॉल बरं करतं' असा दावा तर न्यूट्रास्युटिकलला, म्हणजे अशा पूरक गोळ्या-कॅप्सूलना, करताच येत नाही. घटकांत रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ) दिसलं तर विशेष सांभाळा: त्यातलं मोनाकोलिन-के आणि लोवास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध रासायनिकदृष्ट्या एकच आहे. पुढे डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे त्याच गटातलं औषध, दिलं तर दुहेरी डोस होईल.

पथ्यपाणी:
अपेक्षाही सांगून ठेवतो. इसबगोलने एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं, म्हणजे १५२ चं १४० च्या आसपास. तळण, वनस्पती तूप आणि बेकरीचे पदार्थ कमी केले तर आणखी. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तपासा आणि टीएसएचही पुन्हा करा. भुशी गोळीच्या आड येत असेल तर ते तिथे दिसेल. आकडा पुरेसा उतरला नाही तर डॉक्टर देतील ते औषध टाळू नका, भुशी त्याबरोबरही अंतर ठेवून चालते.