मदत हवी आहे: चालण्याच्या वाटेवरचे काळे तेलकट पट्टे धुतल्यावर जातात आणि वाळल्यावर परत दिसतात

नमस्कार मंडळी, मी कार्पेट आणि सोफा क्लीनिंगची कामं घेतो, जास्त करून ऑफिसं. चहा-कॉफी, शाई, च्युइंगगम याची आता भीती वाटत नाही पण लोक जिथून रोज ये-जा करतात तिथे जो काळपट चिकट पट्टा पडतो ना, त्याच्यापुढे हात टेकलेत.

सध्याचं काम म्हणजे ऑफिसचा लांब कॉरिडॉर, बारीक लूपचं (न कापलेल्या, वळलेल्या धाग्यांचं) कार्पेट, खाली फोम वगैरे नाही, थेट फरशीला चिकटवलेलं. एका टोकाला बाहेरून यायचं दार आणि त्यापुढे डांबरी पार्किंग, दुसऱ्या टोकाला पँट्री, म्हणजे बुटांबरोबर डांबराचा तेलकटपणा पण येतो आणि खाण्याचा तुपकटपणा पण. भिंतीलगत कार्पेट अजून मूळ रंगाचं आहे आणि मधला पट्टा जवळजवळ काळा, त्यामुळे फरक फारच डोळ्यात भरतो.

माझी पद्धत अशी, आधी व्हॅक्यूम, मग पीएच १० च्या आसपासचा अल्कलाइन (क्षारधर्मी) प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी मारायचं साबणाचं द्रावण, दहा मिनिटं थांबायचं, हातब्रशने घासायचं आणि मग एक्स्ट्रॅक्शन मशीनने (पाणी सोडून लगेच परत शोषून घेणारं) साध्या कोमट पाण्याने धुऊन खेचून घ्यायचं. टाकीत येणारं पाणी अक्षरशः काळं असतं, ओलं असताना कार्पेट बघून समाधान वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी वाळलं की करडी छटा परत हजर, काही ठिकाणी तर लूपच्या टोकांवर तपकिरी.

विचारायचंय असं की ही घाण खरंच आत राहिलीय का खालून वर येतेय का कार्पेटच झिजलंय, हे ओळखायचं कसं? आणि सॉल्व्हंट (तेल विरघळवणारं द्रव) वापरायचं तर किती आणि कुठे? क्लायंट चांगले आहेत, त्यांना खोटी आशा दाखवायची नाहीये मला.

प्रतिसाद

केमिकलचं नंतर बघू, आधी धागा कशाचा आहे ते सांगा. कपाटामागून किंवा कोपऱ्यातून एक-दोन तंतू कापा, पाण्याच्या ग्लासात बुडवून बोटाने दाबा म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. तरीही तरंगला तर पॉलीप्रॉपिलीन, ज्याला ऑलिफिन म्हणतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. लोकर वाटली तर तंतू जाळून बघा (बाहेर नेऊन, चिमट्यात धरून), केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. लोकर निघाली तर पीएच १० विसरा, तिथे साधारण ८.५ च्या वर जायचं नाही.

धागाकर्ता

तरंगला! कितीही दाबला तरी वर येतोय.

प्रतिसाद

मग निम्मं कोडं सुटलं. ऑलिफिन पाणी पीत नाही पण तेल मात्र धरून ठेवतं, म्हणून पाण्यातले डाग त्यावरून पटकन निघतात आणि तेलकट पट्टा हटत नाही. वर लूपला एकदा चेपलं की परत उभारी येत नाही.

तुमच्या पद्धतीत दोन गोष्टी कमी पडतायत, उष्णता आणि घासणं. सफाईत वेळ, घासणं, केमिकल, तापमान हे चार हिस्से असतात, एक कमी केला की बाकीच्यांना भरून काढावं लागतं. कोमट पाण्याने ग्रीस सैल होत नाही. हीटर असेल तर पाणी चांगलं कढत घ्या, ऑलिफिनला सोसतं, आणि टाकीपासून वाँडपर्यंत (कार्पेटवर ओढायच्या मशीनच्या दांड्यापर्यंत) ते थंड होतच येतं हे पण धरा. हातब्रशऐवजी दोन उलट फिरणाऱ्या रोलरचं ब्रश मशीन घ्या, भाड्याने का होईना. फरशीला चिकटवलेल्या लूपवर ते मशीन मुळापर्यंत पोचतं आणि जी कोरडी रेती व्हॅक्यूमला सुटली नाही ती पण वर काढतं. मी तर प्री-स्प्रेच्या आधी ते कोरडंच एकदा फिरवतो आणि परत व्हॅक्यूम करतो, हळू, आडवं-उभं दोन्ही. पट्ट्यातली बरीचशी घाण कोरडी माती असते, तेल फक्त तिला चिकटवून ठेवतं, आणि ती माती ओली केली की चिखल होऊन खाली बसतो.

सॉल्व्हंट म्हणाल तर संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन असलेला बूस्टर प्री-स्प्रेमध्येच मिसळा, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. बूस्टर हीटरवाल्या मशीनच्या टाकीत कधीही ओतू नका, लिमोनीनची वाफ ५० अंशांच्या आतच पेट घेऊ शकते. पंपाच्या स्प्रेने मारा आणि खिडक्या उघड्या ठेवा. निव्वळ सॉल्व्हंट कार्पेटवर ओतायचं नाही, पाठीमागचा लॅटेक्स (धागे धरून ठेवणारा रबरी थर) सुटतो. १० ते १५ मिनिटं ठेवा पण सुकू देऊ नका.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, मी वाळल्यावर परत दिसण्याबद्दल लिहिते. टोकांवरची तपकिरी छटा म्हणजे बहुतेक खालची घाण वर आलीय. पाणी वरूनच उडतं ना, मग तळातलं ओलं लूपमधून वर चढतं आणि विरघळलेली घाण टोकाशी सोडून जातं. यावर उपाय कमी पाणी आणि लवकर वाळवणं. पाणी सोडत एकदा वाँड ओढलात की पाणी बंद करून त्याच जागी दोन-तीनदा नुसतं खेचा, मग लगेच ब्लोअर लावा. शेवटी कोरडा कॉटन पॅड फिरवला तर वर आलेलं तो टिपून घेतो.

दुसरं म्हणजे रिन्स, म्हणजे साबण काढायचं शेवटचं धुणं. अल्कलाइन साबण आत राहिला तर तो चिकट राहतो आणि नवी धूळ धरतो, मग आठ-पंधरा दिवसांत पट्टा परत काळा आणि क्लायंटला वाटतं तुम्ही नीट धुतलंच नाही. साध्या पाण्याऐवजी सायट्रिक अॅसिडवाला सौम्य आम्लधर्मी रिन्स वापरा, हाताला कार्पेट मऊ लागेल.

धागाकर्ता

खूप आभार दोघांचे, हे सगळं याच क्रमाने करतो. पण झीज कशी ओळखू ते राहिलं.

प्रतिसाद

पट्ट्याच्या मधोमध हातभर चौकोन घ्या, वरच्या पद्धतीने मन लावून साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. मग पांढऱ्या कापडावर थोडं सॉल्व्हंट घेऊन तिथे दाबून घासा. कापड काळं झालं तर घाण अजून आहे, अजून एक फेरी घ्या. कापड पांढरं राहिलं आणि चौकोन तरी करडाच दिसतोय तर ती झीज. रेतीने तंतूंवर ओरखडे पडतात, त्यावरून उजेड विखुरतो आणि रंग मळका वाटतो. भिंगातून भिंतीकडचा तंतू आणि मधला तंतू शेजारी ठेवून बघा, कळतं. ओरखडे कुठल्याच केमिकलने जात नाहीत.

हा चौकोन क्लायंटला दाखवूनच कामाला हात घाला. कॉरिडॉर यापेक्षा उजळ होणार नाही हे त्यांनी आधी बघितलेलं असलं की नंतर वाद होत नाहीत.

धागाकर्ता

चौकोन करून बघितला. पार्किंगकडच्या टोकाला कापड दुसऱ्या फेरीनंतर पांढरं आलं आणि तरी करडेपणा आहे, म्हणजे तिथे झीज. पँट्रीकडचा मात्र भिंतीच्या रंगाच्या खूप जवळ गेला, इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. क्लायंटला दोन्ही दाखवले, त्यांनी होकार दिलाय. दाराशी लांब पायपुसणं टाका म्हणजे रेती तिथेच झडेल, आणि पट्ट्यावर रोज व्हॅक्यूम करा, असं पण सांगितलंय. आता फक्त एवढं सांगा, पायपुसणं किती लांब हवं?

प्रतिसाद

जागा असेल तेवढं लांब. निदान दोन्ही पाय दोन-दोनदा त्यावर पडले पाहिजेत. आणि तेही झटकायला सांगा, भरलेलं पायपुसणं रेती आतच पाठवतं.