सिटीझनशिपचा फॉर्म भरतोय, नवऱ्याची एक जुनी छोटी केस आहे, लिहायची का?

मृणाल_जर्सी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, नवऱ्याच्या ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली म्हणून एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरायला घेतलाय आणि अटक, सायटेशन (पोलिसांचं तिकीट), चार्ज असं कधीही काही झालंय का या प्रश्नावर गाडी अडकलीये. स्पीडिंगची दोन तिकिटं आहेत, दंड भरून संपली, त्याचं एवढं काही वाटत नाही. पण २०२२ मध्ये एका दुकानात सेल्फ चेकआउटला काही सामान स्कॅन न होताच पिशवीत गेलं, दारात अडवलं, पोलीस आले आणि शॉपलिफ्टिंगचं समन्स हातात दिलं. सामान साठेक डॉलरचं असेल. वकिलाने म्युनिसिपल कोर्टात कंडिशनल डिसमिसल (अटींवर केस रद्द) मिळवून दिलं, वर्षभर नीट राहिला, केस डिसमिस झाली, पुढे एक्सपंज पण झाली, म्हणजे रेकॉर्डवरून पुसली. तो वकील तेव्हा म्हणाला होता की आता काही झालंच नाही असं समजा. म्हणून नवरा म्हणतोय 'नो' टिक कर. मला ते पटत नाहीये, शेवटी शपथेवर सही करायचीये. शिवाय डिसेंबरात सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला नाशिकला जायचंय. कोणाला अनुभव आहे का?

फ्रीमाँटचा_पक्या
तिकिटांचं टेन्शन घेऊ नका. अटक झाली नसेल, दारू-ड्रग्जचा संबंध नसेल आणि दंड ५०० डॉलरच्या आत असेल तर कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. पण सायटेशन आहे म्हणून लिहायची मात्र सगळी. माझीही होती, मी सगळी लिहिली, इंटरव्ह्यूला ऑफिसरने दंड भरला का एवढंच विचारलं आणि पुढे गेली. फक्त एक आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) चारित्र्य तपासायचं धोरण कडक केलंय आणि त्यात सारखे ट्रॅफिकचे नियम मोडणाऱ्यांचा उल्लेख आहे, तेव्हा एक-दोन तिकिटं ठीक, ढीग असेल तर विचारणार.

जय_डॅलस
एक्सपंज झाली म्हणजे संपली ना. कोर्टाने पुसली तर तुम्ही कशाला उकरून काढताय, 'नो' लिहा आणि मोकळे व्हा.

अंजली_पॅरालीगल
जयदादा, कृपा करून असं कोणाला सांगू नका, यानेच लोकांचं वाटोळं होतं. मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी वकील नाही हे लक्षात ठेवा.

मृणालताई, एक्सपंज हा राज्याचा विषय आहे, नागरिकत्व देणारं फेडरल सरकार आहे आणि ते राज्याने पुसलेलं पुसलेलं मानत नाही. फॉर्मच्या सूचनांमध्येच आहे की रेकॉर्ड सील किंवा एक्सपंज झालं असलं, किंवा वकिलाने आता रेकॉर्ड नाही असं सांगितलं असलं, तरी सांगायचं. बायोमेट्रिक्सचे ठसे एफबीआयकडे जातात. आणि इंटरव्ह्यूला हाच प्रश्न शपथ देऊन परत तोंडी विचारतात. तिथे नागरिकत्व मिळावं म्हणून खोटं बोललं की ते खोटंच स्वतंत्र कारण होतं नकाराचं, मूळ भानगड कितीही किरकोळ असो. कधी मिळून गेलं तरी महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून पुढे नागरिकत्व काढून घेण्याची केस होऊ शकते.

आता तुमच्या केसमधला खरा मुद्दा. न्यू जर्सीचं कंडिशनल डिसमिसल मिळायला आधी गिल्टी प्ली (गुन्ह्याची कबुली) द्यावी लागते किंवा कोर्टाने दोषी ठरवावं लागतं. राज्याच्या हिशोबात शेवटी डिसमिस होतं, पण इमिग्रेशन कायद्यात कन्व्हिक्शनची (दोषी ठरण्याची) व्याख्या वेगळी आहे, गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने कुठलंही बंधन घातलं की ते कन्व्हिक्शन धरलं जाऊ शकतं. क्रिमिनल वकील बऱ्याचदा हे बघत नाहीत, त्यांना जेल नको आणि रेकॉर्ड नको एवढंच दिसतं. 'नो कन्व्हिक्शन' म्हणूनही आपल्या मनाने लिहू नका.

घाबरायचं नाही मात्र. चोरी हा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात मोडतो, पण त्याला पेटी ऑफेन्सची (किरकोळ गुन्ह्याची) सूट आहे: असा एकच गुन्हा असेल, त्याला जास्तीत जास्त शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त झाली नसेल तर. न्यू जर्सीत २०० डॉलरच्या आतलं शॉपलिफ्टिंग डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स (हलका गुन्हा) असतं, त्याची कमाल शिक्षाच सहा महिने. म्हणजे एवढ्या एका गोष्टीवरून दार बंद होत नाही, पण २०२२ चं प्रकरण पाच वर्षांच्या आत येतंय त्यामुळे ऑफिसर चारित्र्याच्या दृष्टीने बघणारच. कोर्टातून सर्टिफाइड डिस्पोझिशन (केसच्या निकालाची शिक्क्याची प्रत), समन्स, एक्सपंजमेंटची ऑर्डर सगळं काढा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवूनच फॉर्म पाठवा. नाशिकच्या तिकिटाआधीच दाखवा, कारण असा गुन्हा असलेल्या ग्रीन कार्डवाल्याला परत येताना एअरपोर्टवर थांबवू शकतात आणि सूट लागू आहे हे आधी कागदावर पक्कं असलेलं बरं.

जय_डॅलस
गिल्टी प्लीचं मला माहीत नव्हतं. माझं वरचं सोडून द्या ताई.

कोथरूडकर_शिकागो
अजून एक, हा प्रश्न फक्त अमेरिकेपुरता नाहीये. माझ्या भावाच्या घटस्फोटात वहिनीने ४९८अ (सासरच्या छळाची केस) टाकली त्यात मी इथे राहत असून माझंही नाव होतं, चार्जशीटपर्यंत गेलं, शेवटी मुंबई हायकोर्टाने रद्द केलं. मी ते लिहिलं. एफआयआर मराठीत, म्हणून इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सर्टिफिकेट जोडलं, हायकोर्टाची सही-शिक्क्याची प्रत मिळवायला वेळ गेला कारण पुण्यात धावपळ करायला वयस्कर आईशिवाय कोणी नव्हतं. ऑफिसरने सगळं शांतपणे वाचलं, आता काही पेंडिंग आहे का विचारलं, बास. गावाकडे कधी कुठे केसमध्ये नाव असेल तर आत्ताच प्रती मागवून ठेवा.

अंजली_पॅरालीगल
बरोबर. आणि इथे येऊन वाचणाऱ्या पोरांसाठी: न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात गांजा दुकानात मिळतो म्हणून नागरिक होईपर्यंत हात लावू नका, फेडरल कायद्यात तो अजून गुन्हाच आहे. तसंच कोर्टाचं प्रोबेशन (देखरेखीची मुदत) चालू असेल तर ते संपेपर्यंत अर्ज मंजूर होत नाही. आणि पाच वर्षांत दोन डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस) असतील तर चारित्र्य नाही असंच धरून चालतात, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर.

मृणाल_जर्सी
अंजली, खूप खूप आभार, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. रात्री जेवताना नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, तो आधी चिडला, मग म्हणाला उद्या कोर्टात फोन करतो. फॉर्म थांबवलाय. एक राहिलं, म्युनिसिपल कोर्ट एक्सपंज झालेल्या केसचे कागद देतं का?

अंजली_पॅरालीगल
आधी त्या जुन्या वकिलाकडे अख्खी फाइल मागा, ती तुमचीच आहे. एक्सपंजमेंटची ऑर्डर सोबत घेऊन मग कोर्टाच्या क्लार्ककडे लेखी अर्ज करा. प्रत मिळालीच नाही तर तसं त्यांच्याकडून लेखी घ्या आणि तेच जोडा.