अनुभव धागा : अंगठा कुठं बिनधास्त लावता, फोटोला कुठं नाही म्हणता?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. आपल्या खेड्यात तो नेमका कुठं दुखतो, ते ऐकायचंय. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सरकारकडं पिकाची नोंद करताना, मी कपाशीत उभा राहून जीपीएससकट फोटो पाठवतो, काही वाटत नाही. शेत बांधावरून साऱ्यांनाच दिसते. तेच लोकेशन कर्जाच्या अ‍ॅपनं मागितलं की अ‍ॅपच काढून टाकतो. तुमचं सांगा.
(शेतकरी, दारव्हा)

आमच्या बुढ्यानं राशन दुकानात अंगठा लावाले कधी ना नाही केली. काम करू करू बोटं घासले, मशीन घेत नाही, तरी कुरकुर नाही. पण बहिणीच्या सोयरिकीले पाहुणे आले, आन् चहा व्हायच्या आधीच एकानं मोबाइलवर महाभूलेख या सरकारी साइटवर गाव आन् आडनाव टाकून सातबारा काढला. इतर हक्कातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा साऱ्यायसमोर वाचला. बुढा खाली पाहून बसला. सातबारा पह्यलेबी तलाठ्याकडून मिळेच, हे मले कळते. पण तिथं जाणाऱ्याले कोणी तरी विचारे, ‘कायले पाह्यजे?’
(दर्यापूर)

मी अंगणवाडी सेविका, चिखलदऱ्याकडची. आहार देण्याआधी पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये बायांचा चेहरा दाखवून, डोळे मिचकावून घ्यावे लागतात. स्तनदा माता हसत हसत करतात. दुसऱ्या महिन्यातली पोरगी मात्र पदर सोडत नाही. तिनं अजून सासूलाही सांगितलेलं नसते, आणि पोषण आहाराच्या रांगेत मागं सासूच उभी. तिची भीती सरकारची नाही, रांगेची आहे. मी तिला दुपारी एकटीला बोलावते.

रोजगार हमीच्या हजेरीचा फोटो दोनदा निघतो, तो चालते. तोच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला तेव्हा बाया चिडल्या, आणि बरोबर चिडल्या.
(आर्णी)

ताडोबाच्या बफरमधून, म्हणजे वाघांच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातून लिहितो. गावाच्या कडेला वाघ हेरणारा कॅमेरा पाहिजेच. माणसं गेली आहेत आमची. पण मोहफुलं वेचायला बाया पहाटे जातात, त्याच वाटेवर झाडाला कॅमेरा ट्रॅप असतो, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. जंगलात त्या आडोशाला बसतात, भांडतात, गाणी म्हणतात, घरी जमत नाही ते सारं. ते फोटो कोण पाहतो, किती दिवस ठेवतो? ग्रामसभेत आम्ही एवढंच मागितलं, कॅमेरा कोणत्या झाडाला बांधला ते बायांना आधी दाखवा.